पाच हजारात जुन्या ब्लूजचा आवाज: पेडल कुठलं घेऊ?

पत्राचा सारांश: देवगड तालुक्यातला 26 वर्षांचा वाचक. घरची हापूसची कलमं, सीझनला पॅकिंग, बाकीचे महिने एका दुकानात हिशेबाचं काम. तीन सिंगल कॉइल पिकपची साधी स्ट्रॅटसारखी गिटार आणि 10 वॉटचा छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे. मडी वॉटर्स, बी. बी. किंग, स्टीव्ही रे वॉन ऐकून ब्लूजचं वेड लागलंय, पण स्वतः वाजवलं की "पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा" आवाज येतो. यंदाच्या आंब्यातून पाच हजार बाजूला काढलेत. पुण्याचा मित्र म्हणतो, ऐंशीच्या दशकातलं ओरिजिनल ट्यूब स्क्रीमर (गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायचं, पायाने चालू-बंद करायचं, आवाज खरखरीत करणारं पेडल) हप्त्यावर घे. गावातला दुसरा मित्र स्वतःचं हेवी मेटल संगीताचं पेडल स्वस्तात देतोय. कुणकेश्वरच्या एका होमस्टेवाल्यांनी शनिवारी संध्याकाळी वाजवायला विचारलंय, पण "टोन जमल्याशिवाय" हा त्यांना हो म्हणत नाहीये. घर कौलारू, आवाज थेट माजघरात जातो आणि आजी आतून ओरडते, "बारीक कर रे ता!" प्रश्न असा की जुन्या ब्लूजसाठी स्वस्तातलं बरं डिस्टॉर्शन पेडल कुठलं, आणि हप्ता घ्यायचा का.

मित्रा,

हप्त्याचं आधी निकालात काढू, कारण ते सोपं आहे. नको घेऊस. ज्या घरात मोठा पैसा वर्षातून एकदाच येतो आणि तोही मोहर टिकला तर, त्या घरात दर महिन्याला कापला जाणारा हप्ता गिटार हातात घेतानाही डोक्यात राहतो. आणि ज्या वस्तूसाठी तू हे करणार ती तुझ्या ॲम्पला नीट लागू पडणारही नाही, ते कसं ते खाली सांगतो. जुन्या ट्यूब स्क्रीमरची किंमत आवाजापेक्षा जास्त संग्रह करणाऱ्यांनी वर नेलीये. त्याचं टीएस 808 हे मॉडेल 1979 च्या आसपास आलं, टीएस 9 हे 1982 मध्ये, नाव आयबानेझचं आणि बनवणारी कंपनी जपानची मॅक्सॉन. त्याच्या पोटातलं ज्याचं एवढं कौतुक होतं ते 4558 आयसी, म्हणजे छोटी चिप, आपल्याकडे भजनाच्या साऊंडवाल्याच्या बेस-ट्रेबल बोर्डावर पण सापडतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात मिळतं. बाकी सर्किटमध्ये थोडे रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि डायोड. त्यात गुपित असं काही राहिलेलं नाही, म्हणूनच त्याच्या इतक्या स्वस्त कॉप्या निघाल्यात आणि त्यातल्या बऱ्याच चांगल्या वाजतात.

आता मूळ प्रश्न. तू लिहिलंयस "जुना ब्लूज टोन", आणि पुढे तीन नावं दिलीस ती तीन वेगवेगळ्या आवाजांची आहेत. हे आधी सुटं केलं नाहीस तर कुठलंही पेडल घेतलंस तरी तुला चुकलंच वाटत राहणार.

मडी वॉटर्स 1943 ला मिसिसिपीतून शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटाच्या बारमध्ये गिटार ऐकू यावी म्हणून इलेक्ट्रिक झाला. त्या काळात पायाखाली पेडल वगैरे काही नसायचंच, छोटा ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) आणि त्याचा व्हॉल्यूम झेपेल त्याच्या पुढे फिरवलेला, बस. ब्लूज गायक हाऊलिन वुल्फच्या 1951 च्या मेम्फिसमधल्या रेकॉर्डिंगांवर विली जॉन्सनची गिटार ऐक, कसली खरखरीत आहे, आणि गिटारचं पहिलं नाव घेण्यासारखं फझ पेडल, म्हणजे खरखर तयार करणारं, ते मेस्ट्रो कंपनीचं, बाजारात आलं 1962 ला. म्हणजे तुला आवडणारा निम्मा आवाज पेडल जन्मायच्या आधीचा आहे.

बी. बी. किंगचं तर आणखी वेगळं. त्याचा आवाज जवळजवळ स्वच्छ आहे, किंचित कडा खरवडल्यासारखी, तेवढंच. आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून तो लॅब सिरीज एल 5 नावाचा ॲम्प वापरायचा, तो ट्रान्झिस्टर ॲम्प होता, ट्यूब नाही. अल्बर्ट किंग पण ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवायचा. "ट्यूब नाही म्हणजे ब्लूज नाही" हे जे तुला सगळे सांगतात ते या दोघांनी कधीच खोटं पाडलंय. तुझ्या ॲम्पला दोष असेल तर तो छोट्या स्पीकरचा आणि छोट्या लाकडी डब्याचा आहे, ट्रान्झिस्टर असल्याचा नाही.

उरला स्टीव्ही रे वॉन. त्याच्याकडे ट्यूब स्क्रीमर होता हे खरं, 808 पासून टीएस 10 पर्यंत सगळे वापरले त्याने. पण तो त्याने लावला होता आधीच मोठ्या आवाजात फुटायला आलेल्या फेंडरच्या मोठ्या ॲम्पांना, गिटारला 13 गेजच्या जाड तारा, अर्धा स्वर खाली उतरवलेल्या, आणि हाताचा जोर विचारूच नको. पेडलची गेन, म्हणजे खरखर किती ते, तो कमी ठेवायचा आणि लेव्हल, म्हणजे बाहेर पडणारा आवाज किती ते, जास्त. पेडलने ॲम्पला फक्त धक्का द्यायचा, खरी खरखर ॲम्पची.

इथेच पुण्याच्या मित्राचा सल्ला तुझ्यासाठी चुकतो. ट्यूब स्क्रीमर मुद्दाम बेस कापतो आणि साधारण 720 हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग उचलतो. मोठ्या ट्यूब ॲम्पला याने फायदा होतो, कारण तिथे बेस भरपूर असतो, तो कापला की आवाज गिचमिड होत नाही आणि बँडमध्ये गिटार वर येते. तुझ्या ॲम्पमध्ये बेस मुळातच नाही, त्यातला आहे तो पण कापलास की उरतं काय तर नाकातून बोलणारी गिटार. म्हणजे तीच डब्यातली माशी, हप्ता भरून.

मेटलवाल्या मित्राचं पेडल पण नको. नाव लिहिलं नाहीस पण बॉस कंपनीच्या 1991 च्या मेटल झोनसारखं काही असेल असं धरतो. त्या जातीच्या पेडलमध्ये गेनचे टप्पे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे तू तार हळू छेड नाहीतर जोरात, बाहेर सारखाच आवाज येतो, आणि ब्लूजमध्ये तर सगळा खेळ त्या हळू-जोरातच आहे. एक वाक्य हळू बोलायचं, दुसरं ओरडायचं. साध्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये, म्हणजे बॉस डीएस-1 किंवा रॅट नावाच्या पेडलमध्ये, डायोड सिग्नलला थेट ग्राउंडकडे नेऊन लाटेचा माथा सपाट कापतात, म्हणून आवाज कडक. ओव्हरड्राइव्हमध्ये तेच डायोड ऑपॲम्पच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, फीडबॅकमध्ये बसवलेले असतात, माथा गोलसर दबतो आणि मूळचा स्वच्छ सिग्नल थोडा त्यात मिसळलेला राहतो. म्हणून तुझ्या बोटांचा जोर त्यात कळतो. तुला ओव्हरड्राइव्ह हवंय, दुकानात "डिस्टॉर्शन दाखवा" म्हणालास तर भलतंच समोर येईल. रॅटवर गेन अगदी खाली ठेवून ब्लूज वाजवणारे आहेत, होतं पण, फक्त पहिलंच पेडल म्हणून मी ते सुचवणार नाही.

पैसे घालायच्या आधी एक फुकटचा प्रयोग कर. तुझ्या ॲम्पवर ड्राइव्हचा चॅनल असेलच. तो चालू कर, गेन अगदी थोडी, नॉब घड्याळाच्या काट्यासारखा 9 वर, तसाच ट्रेबल 10 वर आणि मिड 2 वर. गिटारचा व्हॉल्यूम मात्र नॉबवरच्या आकड्याने 10 वर न ठेवता 6-7 वर आण, पिकप मानेकडचा, टोनचा नॉब अर्धा खाली. ॲम्प जमिनीवर ठेवून तोंड तुझ्या पोटऱ्यांकडे ठेवतोस ना, बहुतेक सगळे तसंच ठेवतात, तो खुर्चीवर ठेव आणि पाठ भिंतीला जवळ कर, बेस थोडा वाढतो. मग ए सेव्हन कॉर्ड धर आणि हळू वाजव, मग जोरात. हळू वाजवताना स्वच्छ आणि जोरात वाजवताना खरखर असं झालं तर निम्मं काम झालं. नाही झालं तर निदान काय कमी पडतंय हे कळेल, आणि पेडल निवडताना तेच ऐकायचं. आठवडाभर असंच वाजव, एका दिवसात कान ठरत नाही.

आता पेडलं. तुझ्यासारख्या स्वच्छ छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवाल्याला मी पहिलं नाव जोयो अमेरिकन साउंडचं घेईन. ते नुसतं ओव्हरड्राइव्ह नाही, जुन्या फेंडर ॲम्पसारखा आवाज घडवायचं सर्किट आहे त्यात, बेस-मिड-ट्रेबल वेगळे मिळतात आणि व्हॉइस म्हणून एक नॉब आहे त्याने आवाजाचा पोत बदलतो. ॲम्पने जे द्यायला हवं होतं आणि तुझा देत नाही ते हे थोडंफार भरून काढतं. आणखी एक फायदा, होमस्टेवाल्यांकडे मिक्सर आणि साऊंड बॉक्स असतील तर हे थेट मिक्सरला जोडून पण चालतं, ॲम्प बाइकवर बांधून न्यायची गरज नाही. पाच हजाराच्या आत बसायला हवं, घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी भाव बघ कारण परदेशी मालाचे भाव सारखे हलतात.

पैसे अजून वाचवायचे असतील तर बेहरिंगर टीओ 800. टीएस 808 ची सरळ सरळ कॉपी, अगदी स्वस्त. बॉडी प्लास्टिकची आहे, चटईवर बसून वाजवायला ठीक, रोज पाय मारायला नाही. बेस कापायचा प्रश्न यात पण येणार, म्हणून घेतलंस तर ॲम्पचा बेस वाढवून वाजव. ज्या वाचकांकडे ट्यूब ॲम्प आहे, लहानसा 5 वॉटचा का असेना, त्यांनी मात्र हेच किंवा जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह आधी बघावं, त्यांना अमेरिकन साउंडची गरज नाही.

वापरलेलं चालत असेल तर बॉस. पिवळं एसडी-1, 1981 पासून चालू असलेलं, लाटेची वरची आणि खालची बाजू वेगवेगळी कापतं त्यामुळे थोडं खरखरीत लागतं. किंवा निळं बीडी-2 ब्लूज ड्रायव्हर, 1995 चं, यात मधला भाग तेवढा फुगवलेला नाही म्हणून स्वच्छ ॲम्पवर छान मोकळं वाजतं आणि बोटांना लगेच उत्तर देतं. माझं स्वतःचं मन विचारशील तर वापरलेलं बीडी-2 चांगल्या भावात हाती लागलं तर मी ते घेईन, फक्त गेनचा नॉब घड्याळाच्या 10 च्या पुढे नेणार नाही. बॉसची पेडलं लोखंडासारखी टिकतात, पुढे नको झालं तर विकली पण जातात, हे हिशेबाचं काम करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. जुनं घेताना सगळे नॉब फिरवून बघ, खरखर वाजतात का, आणि जॅकमध्ये वायर हलवून आवाज तुटतो का ते बघ.

घ्यायचं कुठून? देवगडात हे मिळणार नाही हे माहितीये. कुरिअरने मागव पण परत करायची मुदत आधी वाच, आपल्याकडे पावसात पार्सल चार दिवस कुठेतरी अडकलं की मुदत तिथेच संपते. त्यापेक्षा पणजी-मडगावला वाद्यांची चांगली दुकानं आहेत, ती तुला मुंबईपेक्षा जवळ. जमलं तर एक दिवस काढून जा, गिटार स्वतःची ने, आणि दुकानदार मोठ्या महागड्या ट्यूब ॲम्पला पेडल लावून देईल तेव्हा त्याला सांग की मला छोट्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर ऐकायचंय. मोठ्या ॲम्पवर सगळंच गोड लागतं. जायला जमत नसेल तर गणपतीला येणाऱ्या कुणा चाकरमान्याला मुंबईतून आणायला सांग, पण मॉडेलचं नाव लिहून दे, फोटोसकट.

पाच हजारातले सगळे पेडलवर घालू नकोस. अडॅप्टरसाठी थोडे ठेव. 9 व्होल्ट डीसी, आणि पिनच्या मध्ये मायनस, बाहेर प्लस. घरात कीबोर्डचा पडलेला असेल तो तसाच लावू नकोस, त्याचं व्होल्टेज वेगळं असू शकतं आणि प्लस-मायनस उलटं पण असू शकतं, पेडल जळू शकतं. अगदी स्वस्त अडॅप्टर घूं घूं करतो. साधी ओव्हरड्राइव्हची पेडलं करंट अगदी कमी खातात म्हणून मल्टिमीटरमध्ये घालतात ती चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी पण बरीच चालते, फक्त वाजवून झालं की पेडलच्या इनपुटमधली वायर काढून ठेवायची, ती आत असेपर्यंत पेडल चालूच असतं. आणि पावसाळ्यात बॅटरी आत ठेवून द्यायची नाही, फुटून गळली की आतल्या पट्ट्या खाते.

खारी हवा हा आपला वेगळाच विषय आहे, पुण्याचे मित्र हे सांगणार नाहीत. समुद्राच्या इतक्या जवळ तारा महिन्याभरात काळ्या पडतात, जॅक आणि नॉब आतून गंजतात, आणि मग लोकांना वाटतं पेडल खराब निघालं. गंजलेल्या तारांवर जगातलं कुठलंही पेडल लावलंस तरी टोन येणार नाही. तुझ्या त्या माशीच्या आवाजात जुन्या तारांचा हात असणार अशी मला दाट शंका आहे. म्हणून पाच हजारातून पहिला खर्च 10 गेजच्या नव्या तारांचा कर, आणि पेडलच्या आधी कर. वाजवून झाल्यावर सुक्या कपड्याने तारा पुसायच्या. पेडल घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यात येतात त्याच. वर्षातून एकदा जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा.

अर्थिंगचं गमतीवारी नेऊ नकोस. तू लिहिलंस की तारांना हात लावला की घूं कमी होतं. तेवढं सिंगल कॉइलला थोडंफार होतंच, पण घराचं अर्थिंग कच्चं असेल तर ते फार वाढतं, आणि जांभ्याच्या कातळावर उन्हाळ्यात अर्थिंग नीट लागत नाही. वायरमनला बोलावून एकदा तपासून घे. होमस्टेला वाजवताना ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घे, आणि गाताना ओठ माइकला लागून झिणझिणी आली तर तिथल्या तिथे थांब, बोर्ड बंद कर. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून तर वाजवायचंच नाही.

आजीचं म्हणणं मला पटतं. कौलारू घरात आवाज वरून फिरून सगळीकडे जातो. कमी आवाजात पण बरा टोन हवा असेल तर ओव्हरड्राइव्ह पेडल उपयोगाचंच आहे, कारण खरखर पेडलमध्ये तयार होते, ॲम्प मोठा करावा लागत नाही. ज्यांना रात्रीच वाजवायला वेळ मिळतो त्यांनी हेडफोनचं छोटं मल्टिइफेक्ट, म्हणजे बरीच पेडलं एकाच डब्यात असलेलं, बघावं, त्यात ॲम्पचे नमुने पण असतात. तुझं तसं दिसत नाही, तू संध्याकाळी वाजवतोस.

आणि आता ज्याबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. टोन जमल्याशिवाय लोकांसमोर वाजवणार नाही, हे कुणी ठरवलं? बी. बी. किंगला त्याच्या आईच्या नात्यातल्या भावासारखं, बुका व्हाइटसारखं, बाटलीच्या गळ्याने स्लाइड वाजवायला जमत नव्हतं, म्हणून त्याने बोटानेच तार हलवून तो कंप आणला, आणि आज तो कंप ऐकला की तोच आठवतो. हाऊलिन वुल्फचा गिटारवाला ह्यूबर्ट समलिन पिक न घेता नुसत्या बोटांनी वाजवायचा. अल्बर्ट किंग डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून अंगठ्याने. यातलं काहीच विकत मिळत नाही. ब्लूजचा तो जो दुखरा गंधार आहे, कोमल पण नाही आणि शुद्ध पण नाही, मधेच कुठेतरी, तो तुला तार ओढून मिळवायचाय, आणि तू ज्या तालुक्यात वाढलास तिथे बुवांची भजनं ऐकत मोठा झालायस, स्वराच्या मधल्या जागा तुझ्या कानाला नव्या नाहीत. सी मधल्या ई फ्लॅटवरून तार अगदी थोडी वर ढकल, ई पर्यंत नेऊ नकोस. रोज थोडा वेळ एवढंच कर, पेडल बंद ठेवून.

होमस्टेवाल्यांना हो सांग. आहे त्या ॲम्पवर, नव्या तारा टाकून, स्वच्छ आवाजात. संध्याकाळी सोलकढी पीत बसलेल्या माणसांना 808 आणि टीओ 800 मधला फरक कळणार नाही, पण तू तार कधी सोडतोस आणि कधी धरून ठेवतोस ते नक्की कळेल. आणि दोन-तीन शनिवार वाजवलंस की तुझं तुलाच कळेल आवाज कुठे कमी पडतोय, खरखर हवीये, की नुसता थोडा जास्त व्हॉल्यूम, की थोडा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा. कदाचित तुला रिव्हर्बच हवा असेल, जुन्या रेकॉर्डांवर खोलीचा घुमारा असतो आणि आपल्या छोट्या ॲम्पमध्ये तो नसतो, त्याला पुष्कळ जण खरखरीचा अभाव समजतात. तसं निघालं तर पैसे तिकडे घाल.

वडिलांना यातलं काही समजावत बसू नकोस. तिथे वाजवल्याचे पैसे मिळाले तर ते पेडलच्या पाकिटात टाक, पेडल सीझनच्या पैशातून नाही तर गिटारच्या पैशातून येईल, आणि तो हिशेब त्यांना आपोआप दिसेल. मेटलवाल्या मित्राला मात्र लवकर नाही सांग, तो वाट बघत असेल, त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळू दे.